तुसाच्या राखेचं काँक्रीट : झाडीपट्टीतल्या एका धान वाळवण्याच्या ओट्याचं प्रकरण

गावाचं, कंपनीचं आणि माणसांचं नाव मुद्दाम दिलेलं नाही. ओळख पटेल असे काही तपशीलही बदलले आहेत. काम सुरू झालं ते कशासाठी, कुठे अडलं आणि कोणत्या वळणावर आम्ही काय ठरवलं, ते जसं घडलं तसं लिहिते आहे.

पार्श्वभूमी

भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली ही विदर्भातली झाडीपट्टी, धानाचा पट्टा. दिवाळीच्या आगेमागे कापणी होते, मळणी होते आणि मग प्रश्न येतो वाळवायचं कुठे. गावोगावी डांबरी रस्त्याची अर्धी बाजू धानाने भरलेली दिसते. वरून ट्रॅक्टर जातात, धानात खडे आणि डांबराचे कण येतात आणि ओलावा जास्त भरला म्हणून भाव पडतो. ज्या शेतकरी उत्पादक कंपनीचं हे प्रकरण आहे, तिने या त्रासावर उपाय म्हणून वीस मीटर बाय पंधरा मीटरचा काँक्रीटचा ओटा बांधायचं ठरवलं. ट्रॅक्टर वर चढणार म्हणून जाडी पंधरा सेंटिमीटर. एकूण काँक्रीट ४५ घनमीटर, दर्जा एम-२०, म्हणजे २८ दिवसांना चौरस मिलिमीटरमागे २० न्यूटन दाब सोसणारं. मी संकल्पन आणि देखरेखीसाठी होते.

ओट्याच्या जागेपासून अर्ध्या किलोमीटरवर एक राईस मिल आहे. तिथे उसना तांदूळ होतो, त्यासाठी लागणारी वाफ तूस जाळून करतात. मिलच्या मागे राखेचा ढीग आहे. उन्हाळ्यात वारा सुटला की ती राख शेजारच्या वस्तीतल्या दोरीवरच्या कपड्यांवर आणि अंगणात वाळत घातलेल्या कुरड्यांवर बसते. कंपनीच्या एक संचालिका त्याच वस्तीत राहतात. पहिल्याच बैठकीत त्यांनी विचारलं, "मॅडम, सिमेंटात राखड टाकतात म्हणे. मग आमची राख ओट्यात नाही का चालत?"

राखड म्हणजे औष्णिक वीज केंद्रात कोळसा जळल्यावर उरणारी राख. प्रश्न अगदी योग्य होता. शंभर किलो धानातून साधारण वीस किलो तूस निघतं आणि ते जाळलं की चार किलोच्या आसपास राख उरते. या राखेत ८५ ते ९५ टक्के सिलिका असते. सिमेंट पाण्याशी बांधलं जाताना चुना मोकळा पडतो. राखेतली सिलिका क्रियाशील असेल तर त्या चुन्याला धरते आणि सिमेंटसारखाच बांधणारा पदार्थ तयार होतो. जुन्या वाड्यांच्या चुन्यात विटेची सुरखी घालत, तिचं कामही हेच.

फायद्याची बाजू अशी. सिमेंटचा मूळ घटक म्हणजे क्लिंकर. एक टन क्लिंकर भाजताना सुमारे ०.८ ते ०.९ टन कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. त्यातला निम्म्याहून जास्त वायू चुनखडीच्या दगडातूनच निघतो, त्यामुळे भट्टीचं इंधन बदललं तरी तो थांबत नाही. क्लिंकर कमी वापरणं हाच सरळ रस्ता आहे. आयएस ४५६ : २००० या आपल्या काँक्रीटच्या संहितेतही तांदळाच्या तुसाची राख वापरता येते असं स्पष्ट म्हटलं आहे. अट एवढीच की तिची गुणवत्ता सिद्ध आणि एकसारखी असावी आणि निर्णय घेणाऱ्या अधिकाऱ्याची मान्यता असावी. या अटीतला "एकसारखी" हा शब्द मी तेव्हा भरभर वाचून पुढे गेले.

अडचण

मिलमालकांनी राख फुकट दिली, वर ट्रॉलीही दिली. घाईघाईत आम्ही ओपीसी, म्हणजे राखड न मिसळलेल्या साध्या पोर्टलँड सिमेंटच्या वजनाच्या १५ टक्के जागी ती घालून पहिला घाणा मिक्सरमध्ये फिरवला. रेती, गिट्टी, पाणी सगळं नेहमीचं. मिश्रण बाहेर आलं ते ओल्या मातीच्या ढेकळासारखं. काँक्रीट किती पातळ आहे ते बघायचा स्लम्पचा साचा उचलला तरी काँक्रीट साच्याच्या आकारातच उभं राहिलं. मिस्त्री म्हणाले, "मॅडम, हे राख पाणी पिऊनच रायली." त्यांनी मगाने पाणी वाढवलं, मग आणखी वाढवलं, आणि मी थांबवेपर्यंत पाणी-सिमेंटचं गुणोत्तर हाताबाहेर गेलं होतं. सात दिवसांनी साच्यातून निघालेल्या क्यूबच्या, म्हणजे ताकद तपासायच्या ठोकळ्यांच्या, कडा अंगठ्याने दाबल्या तरी झडत होत्या.

कारण साधं होतं. राख काळी होती. काळी म्हणजे तूस पुरतं जळलेलं नाही, आत कोळसा उरला आहे. तो कोळसा पाणी शोषतो आणि स्लम्प वाढवायला घातलेलं रसायनही शोषतो. चिमूटभर राख पाण्याच्या ग्लासात ढवळली तर वर काळा तवंग येतो. ही चाचणी दोन मिनिटांची आहे आणि ती आधी करायला हवी होती.

दुसऱ्या वेळी मी ढिगाच्या आतल्या भागातून पांढरट, किंचित गुलाबी झाक असलेली राख निवडली. पाण्यात तवंग आला नाही. बोटांत चोळली तर पिठासारखी लागली. मला वाटलं, हीच. चुन्यासोबतची क्रियाशीलता मोजण्यासाठी आयएस १७२७ ची चाचणी लावली. तिला दहा दिवस लागतात, तेवढे थांबलो. निकाल आला तेव्हा क्रियाशीलता नावालाच होती. ढिगाच्या पोटात राख दिवसेंदिवस धगधगत राहते, तापमान चढतं आणि सिलिकेचे स्फटिक बनतात. स्फटिक बनलेली सिलिका म्हणजे जवळजवळ वाळूच, चुन्याशी तिचं काही होत नाही. वर अशा स्फटिकी सिलिकेची बारीक धूळ फुप्फुसात गेली तर सिलिकोसिसचा धोका असतो. म्हणजे काळी राख कमी जळलेली आणि पांढरी राख जास्त जळलेली. दोन्ही एकाच ढिगात, एकमेकींपासून हातभर अंतरावर.

इथे पहिल्यांदा नीट उमगलं की आमचं काँक्रीट मिक्सरमध्ये बनणार नव्हतं. ते आगीत बनणार होतं. साधारण ७०० अंशांच्या खाली, भरपूर हवा मिळत, हळू जळलेलं तूसच उपयोगाचं.

पर्यायांची चर्चा

कंपनीच्या कार्यालयात, म्हणजे एका गोदामाच्या पडवीत, एप्रिलमध्ये बैठक झाली.

एक मत होतं की हे सोडून द्यावं आणि बाजारातली पीपीसी, म्हणजे राखड मिसळलेलं सिमेंट, वापरून ओटा उरकावा. हे मत मला आज जेवढं वजनदार वाटतं तेवढं तेव्हा वाटलं नव्हतं. पीपीसीमध्ये औष्णिक वीज केंद्रांची राखड आधीच असते. आयएस १४८९ नुसार ती १५ ते ३५ टक्के असू शकते आणि किती आहे ते गोणीवर छापावं लागतं. आमच्या दुकानातल्या गोणीवर ३० टक्के छापलेलं होतं. मी फळ्यावर हिशेब मांडला. एका घनमीटरला ३२० किलो सिमेंट. ओपीसी घेऊन १५ टक्के तुसाची राख घातली तर २७२ किलो ओपीसी उरते. नुसती पीपीसी घेतली तर राखडेचे ३० टक्के वजा जाऊन उरतात २२४ किलो. म्हणजे दोन महिने आम्ही ज्या मिश्रणामागे लागलो होतो, त्याने कार्बन वाचण्याऐवजी दुकानात सहज मिळणाऱ्या गोणीपेक्षा जास्त क्लिंकर खर्ची पडलं असतं. फळ्यावरचे आकडे बघून सगळे गप्प झाले. मीही.

दुसरा पर्याय सुरखीचा. विटभट्टीवरचे तुकडे दळून घालायचे. पण भट्टीतली वीट ताकदीसाठी कडक भाजतात आणि माती जास्त भाजली की तीही क्रियाशील राहत नाही. चुनखडी आणि भाजलेली माती यांच्या सिमेंटसाठी आयएस १८१८९ : २०२३ हे मानक आलं आहे. तो मार्ग फार आश्वासक आहे, पण त्यासाठी केओलिनाइट हे खनिज भरपूर असलेली माती आणि ७०० ते ८५० अंशांवर नेमकी भाजणी लागते. एका ओट्यासाठी ते आमच्या आवाक्यात नव्हतं.

तिसरा पर्याय होता पीपीसीच्याच काही भागाच्या जागी नीट जाळलेली तुसाची राख घालण्याचा. फायदा लहान, पण खरा. यावर एका तरुण सदस्याने विचारलेला प्रश्न मला आजही महत्त्वाचा वाटतो : "मिलचं तूस आपण आणलं, तर मिल बॉयलरात काय जाळेल?" उत्तर होतं, कोळसा. तसं झालं असतं तर आमची सगळी बचत धुरात गेली असती. म्हणून बॉयलरला लागणाऱ्या तुसाला हात लावायचा नाही, शेजारच्या दोन लहान मिलांमध्ये पडून राहणारं, शेवटी उघड्यावर पेटवलं जाणारं तूसच आणायचं, असं ठरलं.

आणखी एक गाठ होती. ओट्याच्या काही भागाला सरकारी अनुदान होतं. त्या भागाची मोजमापं नोंदवणाऱ्या अभियंत्यांनी नम्रपणे पण ठाम सांगितलं की २८ दिवसांच्या निकालाशिवाय आणि लेखी मान्यतेशिवाय ते वेगळ्या मिश्रणावर सही करणार नाहीत. मला त्यांचं म्हणणं पटलं. ओट्याचे चार मीटर बाय तीन मीटरचे पंचवीस चौकोन होते. त्यांतले सहा कंपनीच्या स्वतःच्या पैशातले होते. राखेचं काँक्रीट फक्त त्या सहांत, बाकी एकोणिसांत नेहमीची पीपीसी, असा निर्णय झाला. सळई नाही, खाली दाबलेला मुरूम, बिघडलं तर एक चौकोन फोडून पुन्हा ओतता येतो. नवी वस्तू आजमावायला यापेक्षा सुरक्षित जागा मिळाली नसती.

काय केलं

जाळण्यासाठी आम्ही जाळीची टोपली वापरली. ही कल्पना आयआयटी कानपूरमध्ये १९८० च्या दशकात झालेल्या कामातली. एक मोठा जाळीचा पिंप, त्याच्या मध्यभागी जाळीचीच उभी नळी, दोन्हींच्या मधे तूस. हवा आतून आणि बाहेरून दोन्हीकडून मिळते. गावातल्या वेल्डरने मीटरभर उंचीच्या तीन टोपल्या बनवल्या. एका टोपलीत पाऊणशे किलो तूस बसायचं, राख निघायची पंधरा किलो. सहा चौकोनांचं काँक्रीट १०.८ घनमीटर, १० टक्के धरून राख लागणार सुमारे साडेतीनशे किलो. म्हणजे चोवीस जाळण्या. तीन टोपल्या, आठ रात्री.

संध्याकाळी नळीत गोवरीचा तुकडा पेटवून सोडायचा. ज्वाळा फारशी दिसत नाही, तूस आतून बाहेर धुमसत येतं. तापमान मोजणारी थर्मोकपलची तार आत खोचलेली असायची आणि दोन तरुण आळीपाळीने दर अर्ध्या तासाला वहीत आकडा लिहायचे. तिसऱ्या रात्री वारा सुटला आणि एका टोपलीचं तापमान सातशेच्या पुढे गेलं. सकाळी त्या टोपलीच्या मध्याची राख गुलाबी झालेली होती. ती बाजूला काढली आणि पुढच्या रात्रीपासून वाऱ्याच्या बाजूला पत्रे उभे केले. चांगली राख फिकट करड्या रंगाची असते, तुसाच्या दाण्याचा आकार तसाच असतो, पण बोटाने दाबली की आवाज न करता चुरते. सकाळी ती पत्र्यावर पातळ पसरून निववायची. ढीग करून ठेवली तर आत पुन्हा धग धरते.

दळण्यात आमचे चार दिवस फुकट गेले. गावात मसाला दळायचं एक जुनं, बाद झालेलं यंत्र होतं, त्यावर प्रयत्न केला. राख बारीक होईना, धूळ मात्र सगळीकडे. तोंडाला मास्क असूनही मी ते काम अर्ध्या तासात थांबवलं. शेवटी जिल्ह्याच्या ठिकाणच्या एका कॉलेजातल्या बॉल मिलमध्ये, म्हणजे फिरत्या पिंपात गोळ्यांनी दळणाऱ्या यंत्रात, वीस-वीस किलोचे घाणे दळून घेतले. तुसाच्या राखेचे कण स्पंजासारखे सच्छिद्र असतात. नीट दळल्यावर ती छिद्रं मोडतात आणि पाण्याची हाव कमी होते. त्याच राखेचा न दळलेला आणि दळलेला घाणा शेजारी शेजारी लावला तेव्हा मिस्त्रींनाही फरक लगेच दिसला.

पाच, दहा आणि पंधरा टक्के अशी तीन मिश्रणं करून क्यूब भरले. एम-२० ला संकल्पनेत लक्ष्य धरावं लागतं २६.६ न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर, म्हणजे २० अधिक १.६५ गुणिले ४; यातले ४ म्हणजे ताकदीत गृहीत धरलेला चढउतार. पंधरा टक्क्यांचं मिश्रण चिकट झालं आणि २८ दिवसांना लक्ष्याच्या खाली राहिलं. पाच टक्क्यांचं उत्तम होतं, पण वाचत काहीच नव्हतं. दहा टक्क्यांचं सात दिवसांना नुसत्या पीपीसीच्या मागे होतं, २८ दिवसांना लक्ष्य जेमतेम ओलांडून गेलं. दहा पक्कं केलं.

या चाचण्यांत मे महिना संपत आला. पाऊस तोंडावर, ऊन चढलेलं. पहिला राखेचा चौकोन ओतायचा होता त्या दिवशी मिक्सर दुपारी दोनला पोचला. "आज नको" म्हणायला हवं होतं. माणसं जमली होती, माल मोजलेला होता, मी होकार दिला. बारीक राखेच्या काँक्रीटमधून पाणी वर येत नाही. नेहमीच्या काँक्रीटवर पाण्याचा जो पातळ थर चमकतो आणि पृष्ठभागाला थोडा वेळ सांभाळतो, तो इथे नव्हताच. थापी फिरवून झाली आणि तासाभरात, गरम वाऱ्यात, पृष्ठभागावर कोळ्याच्या जाळ्यासारख्या भेगा उमटल्या.

उरलेले पाच चौकोन पहाटे साडेपाचला ओतले. ओतण्याआधी मुरूम भिजवला, थापी होताच प्लास्टिकचा कागद घातला, संध्याकाळी कागद काढून वर ओली पोती. दुसऱ्या दिवशी कडेने मातीचे बांध घालून पाणी साठवलं. चुना आणि सिलिका यांची क्रिया सावकाश चालते आणि तिला शेवटपर्यंत पाणी लागतं, म्हणून सातऐवजी चौदा दिवस. विहीर तळाला गेली होती. संचालिका बाईंनी वस्तीतल्या बचत गटाला सांगून पोती ओली ठेवायचं काम वाटून दिलं. ते चौदा दिवस एकदाही पोतं कोरडं सापडलं नाही.

निष्पत्ती

पाच चौकोन चांगले झाले. ५६ दिवसांच्या क्यूबमध्ये राखेचं मिश्रण शेजारच्या पीपीसीच्या पुढे गेलं. रंग जरा गडद आहे, एवढाच डोळ्यांना दिसणारा फरक. दुपारी ओतलेल्या चौकोनाच्या भेगा वरवरच्या निघाल्या, त्या भरून घेतल्या. दिवाळीनंतर सगळ्या ओट्यावर धान पसरलं गेलं.

कार्बनचा हिशेब मी सभेत जसा मांडला तसाच देते. घनमीटरमागे ३२ किलो पीपीसी वाचली, त्यात राखड वगळता भाग २२ किलोंचा, म्हणजे कार्बन डायऑक्साइड सुमारे २० किलो. १०.८ घनमीटरला दोनशे सोळा किलो. एक लिटर डिझेल जळलं की सुमारे २.७ किलो वायू निघतो, म्हणजे ही बचत ऐंशी लिटर डिझेलएवढी. राख दळायला जिल्ह्याला नेण्या-आणण्याच्या फेऱ्या आणि बॉल मिलची वीज यातूनच वजा होते. सहा चौकोनांनी वाचवलेला कार्बन हाताच्या ओंजळीत मावेल इतकाच आहे. पण मिश्रण उभं राहतं, त्याची कृती वहीत आहे आणि ती गावातल्या माणसांच्या हातात आहे.

वेगळं काय करता आलं असतं

सर्वात आधी गोणीवरचा आकडा वाचला असता. तुलना कशाशी करायची हे ठरवण्याआधी मी मिश्रण ठरवलं, आणि ओपीसीशी तुलना केली की कुठलंही मिश्रण कमी कार्बनचं दिसतं. आपल्याकडे गावातलं बहुतेक काम पीपीसीत होतं. तुलनाही तिच्याशीच व्हायला हवी.

मार्चमधल्या दोन्ही चुका राखेला एक माल समजल्यामुळे झाल्या. पाण्यातला तवंग आणि रंग पाहून वाईट राख नाकारता येते, चांगली राख स्वीकारता येत नाही. त्यासाठी दहा दिवसांची चाचणी लागतेच आणि ती पहिल्या आठवड्यातच लावली असती तर एप्रिलमध्ये ओतकाम झालं असतं.

दुपारच्या त्या चौकोनाचा दोष पूर्ण माझा. मिश्रण बदललं की ओतायची वेळ, थापी आणि पाणी हे सगळंच बदलतं, आणि मिस्त्रींना ते आधी बसून सांगायला हवं होतं. त्यांनी वर पाणी येत नाही हे माझ्याआधी ओळखलं होतं, पण विचारल्याशिवाय बोलले नाहीत.

टोपल्यांबद्दल मला अजून खंत वाटते. आठ रात्री पावणेदोन टन तूस जळलं आणि त्याची सगळी उष्णता आभाळात गेली. तेच तूस बॉयलरमध्ये नीट तापमानात जळलं असतं तर वाफही मिळाली असती आणि राखही. मिलमालक सुरुवातीला याकडे लक्ष देत नव्हते. ओट्यावर धान पसरलेलं पाहून गेल्यावर त्यांनी स्वतः फोन केला. आता बॉयलरच्या जाळीखाली तापमानाची तार बसवली आहे, राख ढिगात न टाकता रोज पातळ पसरून निववतात आणि पंधरा दिवसांनी एक नमुना माझ्याकडे येतो. पहिले तीन नमुने काळे होते. चौथा करडा आहे, त्याची चुन्याची चाचणी सध्या लावलेली आहे.